माहेरची कावीळ

इंदुताईच्या माहेरी बायका काविळीने मरत. निदान सासरी तरी तसंच सांगितलेलं होतं. आई गेली तेव्हा इंदू लग्नाची होती, म्हणून कावीळ. पुढे थोरली बहीण विमल गेली, तीही काविळीनेच. खरं काय ते इंदुताईला आणि तिच्या भावाला, मारोतरावला, ठाऊक होतं. दोघींच्याही पोटात पाणी भरलं होतं आणि दोघींनाही अंडाशयाचा कॅन्सर होता.

विमलच्या शेवटच्या दिवसांत नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी इंदुताईला बाजूला घेऊन समजावलं. हा आजार तुमच्या घरात रक्तातून उतरतोय. तुझी लेकरं झाली आहेत, तर आजार व्हायच्या आधीच दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढून टाक. इंदुताईने मान हलवली. बाहेर आल्यावर मारोतराव म्हणाला, "ऑपरेशन कर, पण कायचं ते बोलू नको. माह्या पोरी उजवाच्या आहेत."

बाभुळगावजवळच्या तिच्या सासरी तेव्हा बायकांची गर्भपिशवी काढायची साथच आली होती. कापसाचे भाव पडलेले, मजूर लावणं परवडेना, म्हणून घरच्याच बायका वेचणीला जुंपलेल्या. पिशवी काढली की महिन्याची कटकट नाही आणि वेचणीला खाडा नाही. बाईच्या पोटात काय ठेवायचं नि काय काढायचं हे कापूस ठरवत होता, आणि कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. इंदुताईला तर बरंच वाटलं. या गर्दीत आपलंही गुपचूप उरकेल, असं तिने मनाशी धरलं.

तालुक्याच्या दवाखान्यात सासू प्रभावतीबाई तिला चिकटून बसली होती. डॉक्टर भला माणूस. त्याने नीट विचारलं, "माहेरी कोणाला कॅन्सर?"

दोन्ही नावं इंदुताईच्या ओठांवर आली. सासूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"नाही जी," इंदुताई म्हणाली.

"मग अंडाशयं राहू देऊ. तुमचं वय लहान आहे, हाडं लवकर ठिसूळ होतील. नुसती पिशवी काढतो."

जे काढायला आली तेच आत राहणार, हे तिला कळलं. भूल द्यायच्या आधीसुद्धा तिला सांगता आलं असतं. पण डॉक्टरकडून नवऱ्याला कळणार, नवऱ्याकडून गावाला, आणि मारोतरावच्या पोरी घरात बसणार. आपल्या जिवापेक्षा भाच्यांची सोयरीक मोठी, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. चांगल्या घरची लेक होती ना ती.

मारोतरावच्या पोरी थाटात उजवल्या. काही वर्षांनी इंदुताईचं पोट फुगू लागलं. "पिशवीच नाही, मंग तुले कायची भीती?" असं शेजारणी म्हणत. शेवटी तिला नागपूरला नेलं, तेव्हा वेळ गेलेली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला ओळखलं. "अंडाशयं काढली नाहीस?" एवढंच त्यांनी विचारलं. घरच्यांना तेव्हा कुठे खरं कळलं.

तोवर तिची लेक वैष्णवी लग्नाची झाली होती. पुसदहून पाहुणे आले, पोहे झाले, पोरगी पसंत पडली. दिवाणावर शाल पांघरून बसलेल्या इंदुताईकडे मुलाच्या आईचं लक्ष गेलं. तिने विचारलं, "पोरीच्या मायले काय झालं?"

"कावीळ झाली," प्रभावतीबाई पटकन म्हणाली.

इंदुताईला आयुष्यात पहिल्यांदा संताप आला, आणि तो तिने गिळला नाही.

"कावीळ नाही, कॅन्सर आहे. माह्या मायले होता, बहिणीले होता. वैष्णवीतही उतरला असन. तिचं रक्त तपासाचं आहे. लागलं तर लेकरं झाल्यावर ऑपरेशनही कराचं आहे. कबूल असन तर सोयरीक करा."

पाहुण्यांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या आणि ते निरोप न घेताच उठले. नवरा त्यांच्यामागे गाडीपर्यंत विनवण्या करत गेला. सासूने कपाळावर हात मारला.

वैष्णवी रडत रडत समोर येऊन उभी राहिली. "आई, जाता जाता माह्यं लग्न काहून मोडलं?"

"माह्यं कोणी मोडलं नाही पोरी," इंदुताई म्हणाली. "म्हणून तर मी मरून राह्यली."