हुकमाच्या पुढचा मैल

खांदेश्वरच्या आमच्या चर्चमध्ये तरुण मंडळाने मला विचारलं, शुभवर्तमान रोजच्या जगण्यात आणायचं कसं? मी फौजी माणूस, प्रवचन मला येत नाही. मी त्यांना योहान साळवेबद्दल सांगितलं.

तेव्हा मी हवालदार होतो. पलटण काश्मीरमध्ये होती आणि पोस्टवरचा रेडिओ सेट माझ्याकडे. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणं, मग बर्फ उपसणं, चहा, गस्त. लान्स नायक योहान नगरकडचा. गस्तीत कुणी दमला की त्याचं ओझं हा आपल्या पाठीवर घ्यायचा. साताऱ्याच्या शिपाई शिंदेने एकदा विचारलं, हे तुला कुणी सांगितलंय? योहानने सांगितलं की येशूच्या काळात रोमी शिपाई वाटेवरच्या माणसाला मैलभर ओझं वाहायला लावत, आणि येशू म्हणाला, दोन मैल जा.

"पहिला मैल हुकमाचा," योहान म्हणाला. "दुसरा आपला."

शिंदेने त्याची थट्टा केली.

जानेवारीत एका दुपारी चौघांची गस्त परतत असताना बर्फ सुरू झाला. शिंदे घसरला, घोटा मोडला. कंपनी कमांडरांचा हुकूम गेला, त्याला मधल्या बंकरपर्यंत आणा आणि तिथेच थांबा. योहानने त्याला पाठीवर घेऊन बंकर गाठला. मग सेटवर आमच्या पोस्टला तिच्या सांकेतिक नावाने हाक आली.

"टायगर, साळवे बोलतोय. इथला स्टोव्ह बंद आहे. शिंदे गार पडतोय. वर आणायची परवानगी द्या. ओव्हर."

"वाट दिसतेय का? ओव्हर," कमांडर साहेबांनी विचारलं.

"वाटेला बांधलेला दोर दिसतोय, साहेब. ओव्हर."

साहेबांनी परवानगी दिली.

त्यानंतर सेटवर काही नाही. आम्ही दोराच्या वरच्या टोकाला उभे होतो. अंधारून येताना आधी शिव्या ऐकू आल्या. हळू चाल म्हणून शिंदे योहानच्या पाठीवरून त्याला शिव्या घालत होता. साहेब तिथेच बर्फात खाली बसले आणि हसायला लागले. चौघंही आले होते.

पुढच्या उन्हाळ्यात एका चकमकीत योहान गेला.

मी रिटायर होऊन महापेला सिक्युरिटी सुपरवायझर झालो. शिंदे तुर्भ्याला एका कंपनीत लागला. योहानची आई गावी एकटी होती. तिला शिंदेने खांदेश्वरला आपल्या घरी आणलं. घरात त्याचा देव्हारा आहे, आणि दर रविवारी तो आईंना चर्चच्या दारापर्यंत सोडतो.

मागच्या महिन्यात आईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. शिंदे दिवसभर बाकावर बसून होता. पाणीसुद्धा घेतलं नाही. संध्याकाळी डॉक्टर धोका टळला म्हणाले, तेव्हा तो मला म्हणाला, चला, काहीतरी खाऊ या.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो तर नर्स आईंना विचारत होती, हा तुमचा एकुलता एक का?

आई हळू बोलल्या. "नाही गं. थोरला योहान. तो शहीद झाला. हा धाकटा."