निडीच्या वरचा डोंगर

कुड्याच्या फुलांचा वास आला की मला निडीच्या वरचा डोंगर आठवतो. एप्रिल सरत आला होता. ऑफिसमधला एक मित्र आम्हां दोघी मैत्रिणींना रानफुलं दाखवायला घेऊन गेला होता. कुडा पांढराशुभ्र फुलला होता, अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या झाल्या होत्या, पायाखाली वाळका पाला करकरत होता. डोंगरावरच्या वाडीतली एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन आमच्या मागेमागे येत होती. आम्ही थांबलो की तीही थांबायची. शेवटी मीच विचारलं, "आजी, काही हवंय का?" ती म्हणाली, "उन्हाचं फुलं बघायला कोन येतं गो? जागा बघायला आलाव ना?" "नाही हो, खरंच फुलंच बघतोय." तिने मित्राकडे हनुवटी उडवली. "तो तं नाय बघत." मला हसू आलं, पण मग माझीही नजर त्याच्यावरून हलेना. फुललेल्या झाडांकडे पाठ करून तो झऱ्याचे, उताराचे, खालच्या रस्त्याचे फोटो काढत होता. "हे कशाला रे?" विचारलं तर म्हणाला, "असंच." म्हातारीने मोळी खाली ठेवली आणि आम्ही उतरून जाईपर्यंत ती झऱ्यापाशी बसून राहिली. परवा पुन्हा तिथे गेले, तर सगळ्या उताराला तारेचं कुंपण होतं, आणि 'प्लॉट विकणे आहे' या पाटीवर खाली त्याच मित्राचा नंबर होता.