डबा परत करायचा राहिला

जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून रत्नाकर निवृत्त झाले, तरी त्यांच्या बायकोची, हेमलताबाईंची ड्युटी काही संपली नव्हती. जबलपूरवरून जाणाऱ्या गाडीत आपलं माणूस असलं, की डबा घेऊन फलाटावर हजर राहायचं, ही त्यांच्या माहेरची रीत. गावात घर असून नातलग उपाशी पुढे गेला, तर त्यांच्या आईला ते नाक कापल्यासारखं वाटे.

सगळ्यात लाडका डबा थोरल्या बहिणीचा, कुंदाताईचा. ती दिली कोलकात्याला, सासर मूळचं मुंबईचं. दर उन्हाळ्यात मुंबईला जाताना तिची गाडी इथे दहा मिनिटं थांबायची. तेवढ्यात हसणं, रडणं, भांडण सगळं उरकायचं. परतीच्या वेळी ताई डबा द्यायची, तोही कधी रिकामा नाही. काय दिवस होते ते!

मग ताईचा केतन कमावता झाला आणि आईला विमानात बसवू लागला. "मावशी, सोळाशे किलोमीटर, पावणेतीन तासांत मुंबई!" तो कौतुकानं सांगे. हेमलताबाईंना त्या पावणेतीन तासांचा मनस्वी राग येई. मेलं ते विमान जबलपूरवरून जातही नव्हतं, नागपूरकडूनच सटकायचं. शेवटचा डबा ताईकडेच अडकला, त्यालाही वर्षं लोटली.

यंदा केतननं आईला कायमचं मुंबईला न्यायचं ठरवलं. तिचे गुडघे गेले होते, आता पुन्हा प्रवास नाही. ताई मात्र हट्टाला पेटली. गाडीनंच जाईन, हेमाचा डबा द्यायचाय.

गाडी आली. केतननं आईला धरून दारापर्यंत आणलं. ताई केवढीशी झाली होती!

"घे बाई तुझा डबा. कोलकात्याची मिठाई आहे, संदेश."

हेमलताबाईंनी तो घेतला आणि कोथिंबीर ठासून भरलेल्या सांबारवड्यांचा नवा डबा पुढे केला. ताईनं हात मागे घेतला.

"नको हेमा. परत कसा देऊ? या रस्त्यानं आता येणं नाही माझं."

"काहून असं बोलून राहिली, ताई?"

भोंगा झाला. हेमलताबाईंनी डबा केतनच्या हातात कोंबला.

"इथून मुंबईला विमानानं किती वेळ लागते रे?"

"दोन तास, मावशी."

"बस्, एवढाच? ताई, वड्या खा अन् डबा घासून ठेव. मी येते न्यायला!"

ताई हसली की रडली, ते कळायच्या आत गाडीचा डबा पुढे सरकला. रत्नाकर हळूच म्हणाले, "अगं, तुला तर जत्रेतल्या पाळण्यात बसायची भीती वाटते."

"वाटते ना," संदेशाचा डबा उराशी धरून हेमलताबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पण डबा माझा आहे जी."