पॉजबाईंचं अर्धं मिनिट

आमच्या शाळेत पॅनेल आल्यापासून चार वर्षांत पॉजबाईंनी एकही व्हिडिओ शेवटपर्यंत दाखवला नाही. पॅनेल म्हणजे सातवीच्या वर्गात फळ्याशेजारी बसवलेला, बोटाने चालणारा मोठा पडदा. भूगोल असो की विज्ञान, व्हिडिओ सुरू व्हायचा, अर्धं मिनिट चालायचा आणि बाईंचं खडूने माखलेलं बोट पडद्यावर टेकायचं. चित्र होतं तिथे थांबायचं. मग उरलेला तास त्या एका चित्रावर. मुलांनी त्यांना पॉजबाई म्हणायला सुरुवात केली ती खोडी म्हणून नव्हे. जे दिसत होतं तेच त्यांनी सांगितलं. बाईंना हे नाव माहीत होतं. एकदा मुलांनी फळ्यावर लिहून ठेवलं, तर बाईंनी पुसलं नाही. खाली तारीख घातली आणि धडा सुरू केला.

जे अर्धं मिनिट चालायचं तेही मुकंच. आवाज बाई आधीच बंद करून ठेवायच्या. व्हिडिओत एक बाई फार शुद्ध मराठीत, एका दमात सगळं सांगायची. तिच्याबद्दल पॉजबाईंचं मत चांगलं नव्हतं. "ती श्वास कधी घेते गो?" त्या मला विचारायच्या. "आणि कुणाला शंका आली तर? तिच्या बापाला विचारायची?" आवाज चालू असला की मुलं ऐकल्यासारखं करतात, बंद केला की बघतात, असं त्यांचं म्हणणं. चित्र थांबलं की त्या खुर्चीत बसायच्या, हाताची घडी घालायच्या आणि म्हणायच्या, "हं. आता तुमी सांगा."

मी त्याच शाळेत गणित शिकवते. पॅनेलचा ताबाही माझ्याकडे आला, कारण एकदा ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी काढला होता. तेवढ्यावर मी तंत्रज्ञ ठरले. पडदा पुसायचं खास मऊ कापड मी कपाटात कुलपात ठेवायची आणि बाई पदराने पडदा पुसायच्या. मी ओरडले की म्हणायच्या, "सुती हाय. चष्मा पुसते मी याने." आमचं भांडण एवढंच, पण ते आठवड्यातून तीनदा व्हायचं.

बाई मूळच्या खारघरजवळच्या ओवे गावच्या. घरची शेती कधीच इमारतींखाली गेली होती, पुतणे बिल्डर झाले होते. त्यातला एक रोज सकाळी त्यांना काळ्या उंच गाडीतून फाटकापाशी सोडायचा. काच खाली करून दर सोमवारी तेच विचारायचा, "आत्या, कशाला दगदग? घरी बस ना आता." बाई छत्रीच्या टोकाने गाडीचं दार ढकलून लावायच्या. "घरी बसून काय करू? तुमच्या टाइल्स मोजू?"

आमच्या शाळेत ओव्या-खारघरची मुलं येतात, तशी कर्नाळ्याच्या बाजूच्या आदिवासी वाडीतलीही काही येतात. सुगंधा त्यांतली. तिचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, पोरीलाही सोबत न्यायचे. त्या वर्षी बाईंनी वाडीवर जाऊन, चार शिव्या खाऊन आणि तेवढ्याच देऊन तिला मावशीकडे ठेवून घेतलं. पोरगी शाळेत राहिली, पण हजेरीशिवाय तोंड उघडत नव्हती. हजेरीलाही नुसती मान हलवायची.

मग 'मृदा' हा धडा आला. अर्धं मिनिट झालं, पडद्यावर तांबडी माती आणि काळी माती शेजारी शेजारी थांबली. "सांगा." कुणी म्हणालं भात, कुणी म्हणालं नाचणी. मी दाराशी कसलीतरी वायर शोधत होते म्हणून हे मला दिसलं. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "ती तांबडी विटेला नाय चालत."

अख्खा वर्ग मागे वळला. बाई मात्र खिडकीबाहेर बघत राहिल्या, जणू हा आवाज रोजचाच. "का गो नाय चालत?"

सुगंधा दहा मिनिटं बोलली. माती कशी चाळायची, भाताचं तूस कधी मिसळायचं, पायाने किती तुडवायची. पाठ्यपुस्तकात यातलं काही नव्हतं. त्या दिवसापासून ती पॅनेल लागलं की बोलायची, पॅनेल नसलेल्या तासाला गप्प. हे बाईंनी माझ्याआधी हेरलं होतं.

आणि नेमकं डिसेंबरात पत्र आलं. पॅनेल एका संस्थेने दिलेलं होतं आणि त्याच्या वापराचा अहवाल दर महिन्याला त्यांच्याकडे आपोआप जायचा. त्यात एकच गोष्ट धरली जायची: किती व्हिडिओ शेवटपर्यंत चालले. आमच्या शाळेचं उत्तर होतं शून्य. वापर वाढला नाही तर मार्चमध्ये पॅनेल द्रोणागिरीच्या एका शाळेला देण्यात येईल, असं पत्रात नम्रपणे लिहिलं होतं.

मी पत्र बाईंसमोर ठेवलं. "रोज एक तरी पूर्ण चालवा. सहा-सात मिनिटांचा तर असतो."

"सहा मिनिटं ती बोलणार, मग माझी पोरं कधी बोलणार?"

"पॅनेल गेलं तर काय बोलणार?"

बाईंनी पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ध्या मिनिटाला बोट टेकलं.

मी व्यवहारी बाई आहे. डब्याच्या सुट्टीत वर्ग रिकामा असतो. मी रोज दार ओढून घ्यायची आणि व्हिडिओ लावून पोळीभाजी खायची. सगळ्यात छोटा 'मृदा' होता, म्हणून तोच पुन्हा पुन्हा. तिसऱ्या दिवशी बाई उन्हाची छत्री विसरल्या म्हणून परत आल्या. पडद्यावरची ती बाई रिकाम्या बाकांना पूर्ण आवाजात माती समजावत होती.

"काय गो, बाकांना शिकवतेस?"

"तुमचं पॅनेल वाचवतेय."

त्यांनी बाकांवरून एक नजर फिरवली. "शहाणी हायत हो. एकाने पण जांभई दिली नाय." आणि छत्री घेऊन गेल्या.

अहवालात व्हिडिओ चालू केल्याची वेळही जाते, हे मला माहीत नव्हतं. तंत्रज्ञ म्हणवून घेतलेल्या बाईने करावी अशी ही चूक नव्हे, पण मी केली. फेब्रुवारीत संस्थेचे निरीक्षक स्वतः आले. तिशीतला मुलगा, हातात लॅपटॉप, बोलायला सौम्य. सातवीच्या वर्गात बसून त्यांनी विचारलं, "तुमच्या शाळेत सर्वाधिक वापर डब्याच्या सुट्टीत होतो. मुलं जेवण सोडून शिकतात का?"

मी उत्तर जुळवत होते. बाई आधीच बोलल्या. "नाही साहेब. मुलं खाली डबा खातात. सुट्टीत बाकं बघतात. आमच्या मॅडमनी माझ्यासाठी केलं, पण बरोबर नाही केलं."

साहेबांनी लॅपटॉपवर काहीतरी टिपलं. पॅनेल गेलं असं मी तिथेच मनात धरलं.

"तोच 'मृदा'चा व्हिडिओ आता लावा," ते म्हणाले. "आवाजासकट. मध्ये थांबवायचा नाही."

बाईंनी लावला. त्यांचं बोट अर्ध्या मिनिटाला उचललं गेलं, ते त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवलं. मुलांनी व्हिडिओतल्या बाईचा आवाज पहिल्यांदाच ऐकला, त्यामुळे आधी थोडं हसू पिकलं. मग वर्ग नेहमीच्या वर्गासारखा झाला: माना वर, डोळे रिकामे. पहिली तीन मिनिटं कुणी हललं नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

चौथ्या मिनिटाला वीटभट्टी आली. रंगीत कार्टूनमधल्या माणसाने साच्यातून वीट काढली आणि तशीच भट्टीत ठेवली.

"अरे, फुटंल ती!" सुगंधा उभीच राहिली.

साहेब दचकले. "काय झालं?"

"ओली हाय ती. ओली वीट भट्टीत लावत नाय. आधी उन्हात सुकवायची, मग उभी करून परत सुकवायची. हा माणूस येडा हाय." वर्ग हसला. सुगंधा हसली नाही; तिला त्या विटेची काळजी होती.

व्हिडिओतली बाई पुढे निघून गेली होती, कुंभारांबद्दल सांगत होती. साहेब उठले. पडद्यापाशी गेले. व्हिडिओ मागे नेला आणि त्या विटेवर बोट टेकवून थांबवला. मग आवाज बंद केला, कारण त्यांना सुगंधाचं ऐकू येत नव्हतं.

"उभी करून म्हणजे कशी? इकडे येऊन दाखव."

ती पुढे आली. डस्टर आडवा, मग उभा ठेवून दाखवला. दुसऱ्या एकाने विचारलं, मध्येच पाऊस आला तर? मग तिघं एकदम बोलायला लागले. पुढची पंचवीस मिनिटं ती वीट पडद्यावर तशीच होती. बाई खुर्चीत, हाताची घडी. घंटा झाली तेव्हा साहेबांनी फॉर्म काढला. त्यात रकाना होता: व्हिडिओ पूर्ण दाखवला का?

"काय लिहू?" ते माझ्याकडे बघून म्हणाले.

"खरं ते लिहा," बाई म्हणाल्या. "तुमीच थांबवलात."

त्यांनी 'नाही' लिहिलं. खाली कारणासाठी दोन ओळींची जागा होती, तिथे त्यांनी लिहिलं ते कागद भरून मागच्या बाजूला गेलं. काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही. मार्च आला आणि गेला, पॅनेल न्यायला कुणी आलं नाही. विटेचा भाग मात्र त्या व्हिडिओतून काढून टाकलाय. दुरुस्त केला असता तर बरं झालं असतं.

बाई त्याच मे महिन्यात निवृत्त झाल्या. निरोपाला शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. जूनमध्ये भूगोल माझ्याकडे आला, कारण रिकामा तास माझाच होता. पहिल्याच दिवशी मी व्हिडिओ लावला, आवाज बंद केला, अर्ध्या मिनिटाला थांबवला आणि म्हणाले, "हं. सांगा." नवीन सातवी माझ्याकडे बघत राहिली. मी त्यांच्याकडे. मग मीच सगळं सांगून टाकलं, मुद्देसूद, श्वास न घेता.

मधल्या सुट्टीत बाईंना फोन केला. "कुणी बोलतच नाही हो."

"किती वेळ थांबलीस?"

"थांबले की. पाच मिनिटं तरी."

पलीकडे शांतता. बाई वाट बघत होत्या.

"बरं, एक मिनिट," मी म्हणाले.

अजून शांतता.

"दहा सेकंद."

"हां," बाई म्हणाल्या. "माझ्या पहिल्या वर्षी तर अख्खा आठवडा कोण बोललं नव्हतं. फोन ठेव, घंटा होईल."