दानेश्वरीचं हळदीचं पत्रक

दानेश्वरीची नखं कायम पिवळी असत. भाकरीचा पहिला तुकडा ती जवसाच्या चटणीलाच लावी. आकडे कन्नडमध्ये पुटपुटे. कुठलाही कागद टाकण्याआधी उलटून बघे. मागं कोरा असला तर ठेवून देई.

मागच्या मंगळवारी ती गेली. तीन दिवसांचा ताप. वय एकतीस. मला अजून खरं वाटत नाही.

१९९९ साली ती एका प्रयोगशाळेत होती. काचेच्या बशीत स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्यांवर हळदीतला पिवळा घटक घालायचा, बघायचं. एका संध्याकाळी ती मंगळवार पेठेतल्या घरी धावतच शिरली. मी, तिची मैत्रीण, तिथंच होते.

"अव्वा, हळदीनं पेशी मेल्या की!"

तिची आई, शांतव्वा, भाकरी थापत होत्या. "समद्या?"

"जवळजवळ समद्या!"

शांतव्वांच्या छातीत तेव्हा गाठ होती. लाजेनं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्या दुधातून हळद घेऊ लागल्या, आंघोळीनंतर गाठीवर तिचाच लेप लावू लागल्या. सात महिन्यांनी दोरीवर वाळणाऱ्या चोळ्यांवर, प्रत्येकीवर एकाच बाजूला, दानेश्वरीला पिवळा डाग दिसला.

"दवाखान्यात का न्हाय गेलीस?"

"तूच म्हणालतीस की, हळदीनं मरतंय."

"अगं, बशीत मेल्या! तू काय बशी हाईस व्हय?"

"मग तवाच सांगायचं न्हाय व्हय? एवढी शिकलीस!"

ऑपरेशन झालं. शांतव्वा वाचल्या. आधी आल्या असत्या तर एवढं कापावं लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य दानेश्वरीच्या मनातून कधी गेलं नाही.

मग तिनं पत्रक लिहायला घेतलं. एकच पान, गल्लीतल्या बायकांसाठी. मी मराठीची एम.ए., म्हणून तपासायला मी. पाच वर्षं चाललं. हळदीत काही नाही म्हणावं, तर खोटं. औषध म्हणावं, तर बायका घरीच बसणार. अजून कुणालाच पक्कं माहीत नाही, हे सोप्या शब्दांत जमेना. प्रत्येक खर्डा ती आईला वाचून दाखवी.

"म्हंजे खायाची का न्हाय?" शांतव्वा विचारत.

दानेश्वरी पुन्हा कोरा कागद घेई.

शेवटचा खर्डा काल शांतव्वांनी माझ्या हातात दिला. कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेला.

"हळद खा, जवस खा. प्रयोगशाळेत हळदीची थोडी आशा दिसते. पण बशी म्हणजे बाई नव्हे. छातीत गाठ लागली, तर त्याच दिवशी"

पुढं कागद कोरा आहे.