टोपलीतून चर्चला जाणारी झुआली

पी झुआली (थोरल्या बाईला आम्ही मानानं पी म्हणतो) कमरेखाली अधू होती. जळण घेऊन येताना डोंगरउतारावरून पडली आणि कणा मोडला. ऐझॉलच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिला घरी आणून चुलीजवळच्या खाटेवर ठेवलं. पडून पडून पाठीला जखमा झाल्या. शेजारीण म्हणून त्या मीच धुवायचे. वास असा यायचा, की माझा श्वास अडायचा. तिला ते कळायचं. "तोंड वाकडं करायचं तर नीट कर बाई, अर्धवट नको," म्हणायची.

रविवारी तिचा मुलगा रिनोमा तिला लाकडं वाहायच्या टोपलीत बसवायचा, टोपलीचा पट्टा कपाळाला लावायचा आणि चढ चढून चर्चला न्यायचा. टोपलीत तिचं तोंड मागे. मागून येणाऱ्या पोरांना ती जीभ दाखवायची, आमच्या चालण्याच्या नकला करायची. चर्चच्या वडीलधाऱ्यांना आम्ही उपा म्हणतो. त्यांतले उपा लिआना एकदा म्हणाले, "झुआली, प्रार्थनेला चाललोय आपण."

"मग मी काय बाजाराला चाललेय? प्रभूनं पाय नेले, जीभ ठेवली. कशाला तरीच ठेवली असेल ना, उपा?"

पुढे दगडखाणीत कडा कोसळला आणि रिनोमा त्याखाली सापडला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शवपेटी घरात ठेवली होती, आमच्या रीतीप्रमाणे भोवती बसून सगळं गाव गात होतं, ढोल वाजत होता. झुआलीचे ओठ हलले नाहीत. उपा लिआना जवळ जाऊन म्हणाले, "प्रभूची इच्छा."

"तुम्ही चहा घ्या, उपा," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं चर्च सोडलं. जेवणाआधी सून तेई प्रार्थना म्हणायला लागली, की ही भिंतीकडे तोंड करायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "भांडण नाही गं. बोलणं बंद आहे."

तेईला माहेरची माणसं न्यायला आली होती. ती गेली नाही. चण नाजूक, बोलणं त्याहून कमी. पावसाळ्यातल्या एका रविवारी तिनं कोपऱ्यातली टोपली पुसून पुढे ठेवली.

"आई, चला. मी नेते."

"तू? तुला भाताचं पातेलं उचलवत नाही."

"उचलवेल."

मी मागून चालले होते. वळणावर चिखलात तेईचा पाय सरकला. टोपली उलटली, दोघी गटारात. मी धावले. तेईचा गुडघा फुटला होता, झुआलीच्या तोंडात चिखल.

"तेई, आहेस का?"

"आहे, आई."

"मग चर्चमध्ये कोणी विचारलं तर सांग, गाडी म्हातारी चालवत होती."

तेई हसायला लागली आणि हसता हसता हुंदके देऊ लागली. झुआलीनं तिचं डोकं मांडीवर ओढलं. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा मी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. ती वर बघून म्हणाली, "प्रभू, बघतोयस ना? मग लांबून काय बघतोस, ये, इथं चिखलात बस आमच्याजवळ." आणि तिथंच, गटारात बसून, तिनं गाणं धरलं. आम्ही तशाच भरलेल्या कपड्यांनी चर्चला गेलो.

तेवढ्यानं दुःख काही हटलं नाही. जखमा हाडापर्यंत गेल्या. पट्टी बदलताना ती चादर चावायची, आणि पट्टी झाली की माझी नक्कल करायची. मी न राहवून म्हटलं, "तुला हसू सुचतं तरी कसं?"

"दुखायचं ते दुखतंच. पण बघ, मरणातून उठल्यावर प्रभूनं काय केलं? तळ्याकाठी मासे भाजले आणि मित्रांना म्हणाला, या, जेवा. हातातली खिळ्यांची भोकं तशीच होती. असल्याशी किती दिवस अबोला धरणार?"

थंडीत ताप चढला तो उतरलाच नाही. शेवटच्या दुपारी तिला कोणीच ओळखू येईना. "रिनोमा, रिनोमा," अशी हाक मारत होती. तेई उशाशी बसून प्रत्येक हाकेला "ओ" देत राहिली, हाका थांबेपर्यंत.