प्रत्येक फोटोत मी

थोरल्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी नाही असा एकही फोटो नाही. हे मी आता अभिमानाने सांगत नाही. त्या वेळी मात्र येईल त्याला अल्बम दाखवून अभिमानानेच सांगायचो.

घरातलं पहिलं लग्न. जळगावातलं मंगल कार्यालय, ऐन वैशाख, आणि माझ्या अंगावर आयुष्यातला पहिला कोट. फेटा बांधून आरशात पाहिलं तेव्हा वाटलं, हा माणूस कारकुनीत उगाच वाया गेला. मग काय, फोटोग्राफर जिकडे, तिकडे मी. हार घालताना मी मागून पोरीचा पदर सावरतोय. सप्तपदीत भटजींना काहीतरी देतोय. आणि स्टेजवर तर थेट नवरा-नवरीच्या मधे, दोघांच्या खांद्यांवर एकेक हात टाकून. फोटोग्राफर बिचारा म्हणालाही, "भाऊ, एक नुसता जोडीचा होऊ द्या." मी म्हणालो, "घे ना मग," आणि हललो नाही.

दुसऱ्या दिवशी पोर म्हणाली, स्टुडिओत जाऊन दोघांचा एक फोटो काढू या. जावयांनी घड्याळ पाहिलं. "ऊन फार आहे. नंतर बघू."

जावई धुळ्याचे, पण नोकरीला परदेशात. आमच्या घरात त्या देशाचं नाव कोणी घेत नसे, नुसतं 'तिकडे'. सुट्टी संपली, ते तिकडे गेले, आणि व्हिसा होईपर्यंत म्हणून पोर आमच्याकडे आली.

नवऱ्याकडे जायला बायकोला कागद लागतात, हे आमच्या हिला काही केल्या पटेना. "लग्न लागलं ते पुरे नाही का? मी धरणगावहून तुमच्याकडे आली तेव्हा काय दाखवलं होतं?"

"लोखंडी पेटी," मी म्हणालो.

जावयांचे कागद यायला पावसाळा उलटला. तोवर पोर त्यांच्यासाठी स्वेटर विणत होती. जळगावच्या उकाड्यात, पंख्याखाली, लोकर बोटांना चिकटत असायची. माप तिला ठाऊक नव्हतं. दर चार दिवसांनी मला उभं करून पाठीला लावून बघायची. "आबा, ते तुमच्यापेक्षा रुंद आहेत का हो?" मला तरी काय माहीत? मी म्हणायचो, "थोडं सैलच ठेव." शेजारणी विचारायच्या, "अजून इथंच का गं?" ती टाके मोजतेय असं दाखवून मान खालीच ठेवायची.

मुलाखतीला मुंबईला गेलो. आत फक्त तिला सोडलं. आम्ही दोघं वकिलातीच्या भिंतीशी दशम्यांचं गाठोडं घेऊन बसलो. अल्बम मीच तिच्या हातात दिला होता. म्हटलं, "एवढा पुरावा कोणाकडे नसेल."

ती बाहेर आली तेव्हा अल्बम छातीशी धरलेला होता. रडली नव्हती. सांगताना तर थोडी हसलीच. साहेबाने पहिलं पान उघडलं, माझ्या फेट्यावर बोट ठेवलं आणि दुभाष्यामार्फत विचारलं, "हेच का तुमचे पती?" तिने सांगितलं, वडील. साहेबाने पान उलटलं. वडील. आणखी एक उलटलं. पुन्हा वडीलच. मग विचारलं, "तुमचा दोघांचा एखादा?" मग पत्रं मागितली. जावयांची पत्रं तिने पुढे केली. सगळी मलाच लिहिलेली. खाली एका ओळीत, 'हिची प्रकृती ठीक असेल.'

व्हिसा मिळाला नाही. आणखी पुरावे आणा, नवऱ्याकडून कागद नव्याने मागवा, असं सांगितलं होतं. आमच्या हिला राग आला की ती अहिराणीत येते. तिथेच, फुटपाथवर, ती माझ्याकडे वळली. "बठ्ठा फोटोस्मा तुम्हीच शेतस!" येता-जाता माणसं बघायला लागली. पोर म्हणाली, "आई, दशमी दे. भूक लागली."

जळगावला उतरलो तो मी घरी न जाता स्टुडिओत. फोटोग्राफरला म्हणालो, "बाबा रे, मला काढून टाक." त्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं. "तुम्हाला काढतो भाऊ. पण तुमच्या मागचं काय आणू? मधे खड्डा पडेल."

"पडू दे."

आठवड्याने त्याने स्टेजवरचा फोटो दिला. या टोकाला माझी पोर, त्या टोकाला जावई, आणि मधे रंगवलेला पांढुरका पट्टा. पोरीच्या खांद्यावर माझ्या कोटाची एक बाही राहून गेली होती. तेवढ्यावरही मी आशा ठेवली. जावयांना पत्र टाकलं, की फोटो तयार आहे, आता तुमचे कागद तेवढे पाठवा. उत्तर आलं नाही. पुन्हा टाकलं. पोस्टमन दिसला की पोर आत जायची आणि मी बाहेर यायचो. त्यालाही आमची एवढी सवय झाली, की लांबूनच मान हलवायचा.

होळीच्या आसपास धुळ्याहून व्याही आले. भला माणूस. चप्पल दाराबाहेर नीट लावली, खुर्ची दिली तरी सतरंजीवर बसले. अर्धा चहा बशीत तसाच ठेवून म्हणाले, "मुलगा म्हणतो, आता राहू द्या."

मी विचारलं, "काय राहू द्या?"

त्यांनी बशीकडे पाहिलं. "सगळंच," म्हणाले.

आतल्या खोलीतल्या सुया थांबल्या. व्याही गेल्यावर थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाल्या. तिने स्वेटर पूर्ण केला. पुढे ती फैजपूरच्या शाळेत नोकरीला लागली, आणि जाताना तो माझ्या खुंटीला अडकवून गेली. माझ्या मापाचाच तर होता. जळगावात त्याची गरज थंडीतले चार दिवस पडते. पण पडते.

ती गेली त्या दिवशी मी अल्बम ट्रंकेत ठेवायला काढला. त्यातून तो पांढऱ्या पट्ट्याचा फोटो खाली पडला. मी हिला म्हणालो, "मी तेवढा बाजूला झालो असतो ना, तर पोर आज तिकडे असती."

हिने फोटो उचलला, पदराने पुसला, उजेडात धरला. माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही, अहिराणीतही आली नाही. जावयांच्या उभं राहण्याकडे, दाराकडे वळलेल्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"एवढी जागा त्या दोघांमधे होतीच," ती म्हणाली. "तुम्ही उभे होते म्हणून दिसली नाही."